विशेष मुलांच्या पालकांची मोट कशी बांधायची, आणि ती का सुटते

ताई, तुमचा प्रश्न मला जसा समजला तसा आधी लिहिते. मुलगा नऊ वर्षांचा, ऑटिझम आहे, अनुदानित शाळेत नाव आहे पण शाळा म्हणते दोन तास बसवा आणि घेऊन जा. गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे तीनदा जाऊन आलात, तिन्ही वेळा "बघतो" एवढंच ऐकलंत. आता तालुक्यातले बाकीचे पालक एकत्र करायचे म्हणताय तर कर्णबधिर मुलांचे पालक म्हणतात आमचं वेगळं, एका संस्थेचे अध्यक्ष म्हणतात माझ्या बॅनरखाली या, आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर एकशेचाळीस जण असून मीटिंगला आले सहा.

सहा आले हे चांगलंय, खरंच सांगते. मी चौदा वर्षं तालुक्यात फिरती विशेष शिक्षिका होते, कंत्राटी, म्हणजे दर मार्चला पुढच्या वर्षी ऑर्डर येणार की नाही ही धाकधूक, आणि ते सुटल्यावर गेली सात वर्षं पालकांच्या बाजूने हेच काम करतेय. आमच्या पहिल्या मीटिंगला चार जण होते आणि त्यातला एक चुकून आलेला, त्याला पीक विम्याची मीटिंग वाटली होती.

बहुतेक ठिकाणी काय होतं, लोक आधी संघटना काढतात. नाव काय ठेवायचं, अध्यक्ष कोण, लोगोत व्हीलचेअर हवी की फूल हवं, धर्मादायकडे रजिस्ट्रेशन कधी करायचं. यात सहा महिने जातात आणि अध्यक्ष कोण यावरून दोन घरं तुटतात ते वेगळंच. आम्ही हे केलेलं आहे म्हणून सांगते. मागणी आधी ठरवा, नाव नंतर, आणि मागणी इतकी लहान हवी की ती पूर्ण झाली का नाही हे कुणालाही बघून सांगता यावं. "दिव्यांग मुलांना न्याय द्या" ही मागणी नाही, त्याला अधिकारी मान डोलावतात आणि चहा मागवतात.

आता कर्णबधिर पालक म्हणतात आमचं वेगळं, तर त्यांचं म्हणणं खोटं नाहीये हो. त्यांना खुणांची भाषा येणारे शिक्षक हवेत, श्रवणयंत्राच्या बॅटऱ्या हव्यात, तुम्हाला हवाय वर्गात मदतनीस आणि आवाज कमी असलेला कोपरा. हे एकाच निवेदनात कोंबलंत की चौदा कलमी कागद होतो आणि साहेब त्यातलं सगळ्यात सोपं कलम उचलून "एक मागणी मान्य" म्हणून मोकळे होतात. म्हणून मी दरवेळी एकच शोधते, रांग कुठे एक आहे. गरजा वेगळ्या असतात, पण रांग बऱ्याचदा एकच असते.

आमच्याकडे ती रांग दिव्यांग सर्टिफिकेटची निघाली. जिल्हा रुग्णालय सत्तर किलोमीटर, तपासून सर्टिफिकेट देणारं डॉक्टरांचं बोर्ड आठवड्यातून एकच दिवस, तिथे गेलं की कानाची तपासणी करणारे असले तर बुद्ध्यांक काढणारे नाहीत, ते असले तर मशीन बंद. सीपीच्या, म्हणजे मेंदूच्या इजेने हालचाल अडलेल्या पोराला कडेवर घेऊन एसटीने जाणारी आई आणि कर्णबधिर मुलीचा बाप एकाच बाकावर बसून एकाच कारणाने परत यायचे. मग मागणी काय ठरली, तर आपल्या तालुक्याच्या उपजिल्हा रुग्णालयात सगळ्या तज्ज्ञांसह एका दिवसाचं प्रमाणपत्र शिबिर, आणि अमुक तारखेच्या आत. बास. सर्टिफिकेट नाही तर यूडीआयडी, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र नाही, चाळीस टक्क्यांचा दाखला नाही तर दिव्यांग म्हणून आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या पंचवीस टक्के राखीव जागांत प्रवेश नाही, म्हणजे ही गोष्ट प्रत्येकाच्या घरात अडलेली होती. शिबिर लागायला पाच महिने गेले पण लागलं, आणि त्यानंतर "आमचं वेगळं" म्हणणारे तेच पालक पुढच्या कामाला स्वतःहून आले. तुमच्याकडे रांग वेगळी असेल, भत्त्याची असेल, विशेष शिक्षक महिन्यातून एकदाच येतात याची असेल, ती सहा जणांत बसून शोधा. तुमच्या दोन तासांचा प्रश्न मात्र पहिला घेऊ नका असं मी म्हणेन. राग येईल तुम्हाला, पण तो प्रश्न आत्ता तुमच्या एकटीचा दिसतो आणि शाळा तुमच्या मुलाच्या वागणुकीवर बोट ठेवून बाकीच्यांना बाजूला करेल. तो कसा लढवायचा ते खाली लिहिलंय.

रांग शोधायची कशी, तर वहीने. व्हॉट्सॲप ग्रुप हा जमाव असतो, त्यावर गुड मॉर्निंग आणि कुठल्यातरी चमत्कारी तेलाच्या लिंक फिरतात, त्यातून काही कळत नाही. आम्ही दोनशे पानी लाँगबुक आणली आणि रविवारी झेडपी शाळेच्या व्हरांड्यात बसायचो. एका मुलाला एक पान. नाव, गाव, शाळा, इयत्ता, सर्टिफिकेट आहे का, टक्के किती, यूडीआयडी आलं का, मदतनीस भत्ता किंवा प्रवास भत्ता शेवटचा कधी मिळाला, मुलगा खरोखर किती दिवस शाळेत जातो, आणि शेवटी शाळा काय म्हणते ते तिच्याच शब्दात. एका आजी आल्या, नातवाला सीपी, सगळे कागद प्लॅस्टिकच्या साखरेच्या पिशवीत आणि पिशवीला वर रबर. त्या म्हणाल्या भत्ता कधी मिळालाच नाही, आणि आमच्याकडे पंचायत समितीतून मिळालेली यादी होती तिच्यात नाव होतं, रक्कमही होती. मला वाटलं कुणीतरी खाल्ले. पासबुक भरून आणलं तर कळलं की मुलाचं खातं केवायसीअभावी बंद पडलेलं आणि पैसे दोन वर्षं जाऊन परत येत होते, कुणी कळवलंच नव्हतं. अशी खाती त्या वहीत अजून नऊ सापडली. बँकेत एक दिवस सगळ्यांना नेलं, काम झालं. ना मोर्चा ना निवेदन. पण त्या नऊ घरांना पहिल्यांदा वाटलं की या बायांकडे गेलं की काहीतरी होतं, आणि मोट बांधली जाते ती अशी.

यादी सरकारकडूनही मागवा. माहिती अधिकारात अर्ज करा, दहा रुपये फी, आपल्या राज्याच्या नियमात अर्ज दीडशे शब्दांत आणि एकाच विषयावर लागतो, त्यामुळे सगळे प्रश्न एका अर्जात घातलेत तर त्याच कारणाने परत येईल. एका अर्जात एवढंच विचारा की तालुक्यात शाळानिहाय आणि प्रकारनिहाय किती दिव्यांग मुलं नोंदलेली आहेत. नावं मागू नका, मिळणारही नाहीत आणि मिळू पण नयेत. दुसऱ्या अर्जात विशेष शिक्षक किती आणि त्यांचा महिन्याचा भेटीचा आराखडा. तीस दिवसांत उत्तर नाही आलं तर पहिलं अपील. मग तुमची वही आणि त्यांचा आकडा शेजारी ठेवा, जिथे फरक पडेल तिथे तुमचं काम आहे. दिव्यांग हक्क कायदा 2016 चा, त्याच्या कलम 17 मध्ये शाळेतल्या दिव्यांग मुलांचा दर पाच वर्षांनी सर्व्हे करायचा असं स्पष्ट आहे, म्हणजे हा आकडा ठेवणं त्यांचंच काम आहे, तुम्ही काही उपकार मागत नाही आहात.

आता माणसं. पालक तर आहेतच, पण नुसत्या पालकांची मोट दोन वर्षांत सुटते कारण घरात पोराचं करून करून माणूस दमतो, आजारपण येतं, दुसरं मूल असतं, शेती असते. म्हणून बाकीचे लागतात, आणि इथे लोक चुकतात.

तुमच्या तालुक्याचे विशेष शिक्षक. त्यांना निवेदनावर सही मागू नका, प्लीज. कंत्राटी माणूस साहेबांच्या विरोधातल्या कागदावर सही करून पुढच्या वर्षी घरी बसतो, माझ्या मैत्रिणीचं झालंय. पण कोणत्या वाडीत कोणतं मूल दारामागे बांधून ठेवलंय हे फक्त त्यांनाच माहीत असतं. त्यांच्याकडून रस्ता विचारा, नाव घेऊ नका. आणि त्यांचा प्रश्न तुमच्या मागणीत घ्या, कारण तो तुमचाच आहे. सुप्रीम कोर्टाने ऑक्टोबर 2021 मध्ये रजनीश कुमार पांडे खटल्यात प्राथमिकला दहा विशेष मुलांमागे एक आणि वरच्या वर्गांना पंधरामागे एक विशेष शिक्षक असं प्रमाण सांगितलं, आणि मार्च 2025 मध्ये परत राज्यांना पदं मंजूर करून जाहीर करा म्हणून बजावलं. आपल्या राज्यात शाळांची 4860 केंद्रं, म्हणजे आसपासच्या शाळांचे गट आहेत, केंद्राला एक विशेष शिक्षक धरला तरी एकेकाच्या वाट्याला किती शाळा येतात ते तुमच्या केंद्रप्रमुखांना विचारा. हा आकडा शिक्षक संघटनेच्या तोंडून आला तर "नोकरीसाठी ओरडतायत" आणि पालकांच्या तोंडून आला तर प्रश्न बनतो, एवढा फरक पडतो.

वर्गशिक्षिका. मला माहितीये तुम्ही तिच्यावर चिडलेल्या आहात. पण तिच्या वर्गात चाळीस मुलं आहेत, तिला ऑटिझमचं ट्रेनिंग म्हणजे कुठल्यातरी हॉलमध्ये दीड दिवस आणि व्हेज पुलाव. तिच्या विरोधात तक्रार म्हणून गेलात तर सगळी शिक्षक संघटना तिच्या मागे उभी राहणार, आणि तालुक्यात शिक्षक संघटनेशी भांडून कुणी काही मिळवलेलं मी पाहिलं नाही. तेच "या वर्गाला मदत द्या" असं लिहिलंत तर ती खाली सही करेल. एका शाळेत तर मुख्याध्यापकांनीच आम्हाला निवेदनाचा मसुदा दुरुस्त करून दिला, फक्त म्हणाले माझ्या कॉम्प्युटरवर टाईप करू नका.

विशेष शाळावाले. यांच्याबद्दल जरा जपून. त्यांना भीती असते की सगळी मुलं साध्या शाळेत गेली तर आमची शाळा बंद, नोकऱ्या जाणार. काही पालकांनाही विशेष शाळाच हवी असते आणि दिव्यांग हक्क कायदाही जवळची शाळा किंवा आपल्या पसंतीची विशेष शाळा असं दोन्ही म्हणतो, कलम 31, सहा ते अठरा वयापर्यंत मोफत. हा वाद मीटिंगमध्ये निघाला की संपतच नाही, रात्री अकरापर्यंत चालतो आणि दुसऱ्या दिवशी ग्रुपमधून चार जण लेफ्ट. हा काही आपल्याच गावातला वाद नाही. 2009 चा शिक्षण हक्क कायदा आला तेव्हा वंचित घटकाच्या व्याख्येत दिव्यांग मुलांचा उल्लेखच नव्हता, देशभरच्या संघटनांनी लावून धरलं म्हणून 2012 च्या दुरुस्तीत ती मुलं आली. पण त्याच दुरुस्तीत तीव्र अपंगत्व असलेल्या मुलांना घरी शिक्षणाचा पर्याय आला आणि त्यावरून आपल्याच लोकांत दोन तट पडले. काही म्हणाले आमच्या मुलाला उठून बसता येत नाही, शिक्षक घरी आले तर बरंच, आणि काही म्हणाले शाळा याचंच निमित्त करून सगळ्यांना घरी पाठवतील. दोघांचंही बरोबर होतं. मी तेव्हा दुसऱ्या बाजूची होते, आणि नंतर स्वतः घरी जाऊन शिकवलेली मुलं आठवली की इतकं ठामपणे बोलवत नाही. तर आमच्याकडे नियम एवढाच, की कोणती शाळा हे पालक ठरवणार, मोट त्यावर मत देणार नाही.

वेगवेगळ्या अपंगत्वाची माणसं एकत्र येत नाहीत असं म्हणणाऱ्यांना मी 1995 सांगते. त्या वर्षी जावेद अबिदी, स्वतः व्हीलचेअरवर असलेले कार्यकर्ते, आणि त्यांच्याबरोबरचे लोक दिल्लीत रस्त्यावर आले, अंध, कर्णबधिर, व्हीलचेअरवरचे सगळे, आणि डिसेंबरच्या अधिवेशनात देशातला पहिला अपंग हक्क कायदा मंजूर झाला. एकच मागणी होती, हा कायदा याच अधिवेशनात. बाकी सगळं त्यांनी नंतरसाठी ठेवलं. त्या कायद्यात सात प्रकार होते आणि ऑटिझम त्यात नव्हता हेही खरं, तो राष्ट्रीय न्यास कायद्यात 1999 ला आला आणि दिव्यांग हक्क कायद्याच्या एकवीस प्रकारांत 2016 ला. म्हणजे तुमच्या मुलाचं नाव ज्या यादीत आहे ती यादी मोठी व्हायला एकवीस वर्षं लागली.

आता ते अध्यक्ष आणि बॅनर. इथे आमचा एक फजितीचा किस्सा. आम्ही तिसऱ्या वर्षी अशाच एका पुढाऱ्याला होकार दिला, म्हणाले हॉल माझा, मंडप माझा, जेवण माझं, आमदारांना आणतो. आमची मागणी होती कॅलिपर, म्हणजे पायाला आधार देणाऱ्या पट्ट्या, आणि बुटांच्या मापाची. त्याआधीच्या वर्षी मोजमाप शिबिर झालं, साहित्य आलं अकरा महिन्यांनी, आणि पोरं तोपर्यंत वाढलेली, एकाही पायात कॅलिपर नीट बसेना. तर मागणी अशी की मापानंतर तीन महिन्यांत साहित्य द्या नाहीतर परत माप घ्या. कार्यक्रम झाला, व्यासपीठावर सतरा खुर्च्या, पालकांना मागे बसवलं, आणि सत्कार संपल्यावर कुणीतरी ऐनवेळी आणलेल्या तीन व्हीलचेअर वाटल्या. त्यातली एक चालता येणाऱ्या, फक्त ऐकू कमी येणाऱ्या मुलीला दिली, फोटोसाठी बसवली तिला. निवेदन वाचायचं राहिलं. त्या मुलीचे वडील परत कधी आले नाहीत आणि मी त्यांना बोलावलंही नाही, तोंडच नव्हतं.

तेव्हापासून पुढाऱ्यांना बोलावतो, सगळ्या पक्षांच्या बोलावतो, पण खुर्च्या गोल, लेटरहेड आमचं, आणि बोलायला आधी पालक. पुढारी नको असं नाही, त्यांच्याशिवाय जिल्हा नियोजनचा पैसा हलत नाही आणि विधिमंडळात प्रश्न विचारायला आमदारच लागतो. पण त्यांना लहान आणि नेमकं काम द्या. उदाहरणार्थ ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातला पाच टक्के निधी दिव्यांगांवर खर्च करायचा असतो, बऱ्याच गावांत तो घागरी आणि ब्लँकेट वाटून संपतो. सरपंचाला सांगा, यावर्षी त्यातून शाळेत रॅम्पला रेलिंग आणि एक टॉयलेट. ग्रामसभेत मांडा, ठरावाच्या वहीत लिहून घ्या, आणि ठरावाची नक्कल घ्या. थेरपी सेंटरवाल्यांनाही हेच लागू, डॉक्टर माहिती द्यायला या, पण मीटिंगमध्ये पॅकेज विकायचं नाही.

कागद कसा द्यायचा ते सांगते कारण इथेच तुमच्या तीन चकरा वाया गेल्या असं मला वाटतं. तोंडी बोललेलं ऑफिसमध्ये घडलेलंच नसतं. दोन प्रती न्यायच्या, एक द्यायची आणि दुसरीवर आवक शिक्का, तारीख आणि क्रमांक घ्यायचा. आमच्या पहिल्या निवेदनाला क्लार्क म्हणाला साहेब नाहीत, टेबलावर ठेवून जा. आम्ही निघालोच होतो, पण त्या साखरेच्या पिशवीवाल्या आजी खाली बसल्या, म्हणाल्या मग मी थांबते, माझी गाडी साडेपाचची आहे. पावणेदोन वाजले होते. त्यांनी पिशवीतून भाकरी काढली. अडीचला शिक्का मिळाला. आता आम्ही नेहमी पाच जण जातो, पन्नास नाही, पाच, त्यात दोन बोलणारे, एक लिहिणारा आणि दोन नुसते बसणारे. आणि महिन्याने तेच पाच परत जातात. साहेबांना मोर्चाची भीती वाटत नाही, मोर्चा एकदाच येतो, तीच माणसं परत परत येतात त्याने त्यांची झोप उडते. तालुक्याला नाही हललं तर शिक्षणाधिकारी, मग झेडपीचे सीईओ, मग जिल्हाधिकाऱ्यांकडे महिन्याच्या पहिल्या सोमवारचा लोकशाही दिन, आणि त्यानंतर पुण्याला दिव्यांग आयुक्त, तिथे तक्रार लेखी जाते आणि सुनावणी लागते. पायऱ्या गाळू नका, वरचा माणूस पहिला प्रश्न हाच विचारतो की खाली दिलं होतं का, पोच दाखवा.

तुमच्या दोन तासांबद्दल. शाळेला एवढंच म्हणा की हे मला लेखी द्या. भांडू नका, आवाज चढवू नका, फक्त अर्ज करा की माझ्या मुलाला रोज दोनच तास बसवण्याचा निर्णय आणि त्याचं कारण शाळेच्या लेटरहेडवर मिळावं. माझ्या अनुभवात दहातल्या आठ शाळा लेखी देत नाहीत आणि वेळ आपोआप वाढते, कारण असं लिहून देणं म्हणजे कायद्याविरुद्ध वागतोय हे स्वतःच लिहून देणं. आणि दुसरं, शाळा व्यवस्थापन समिती. अनुदानित शाळेलाही ती लागते, पंचाहत्तर टक्के सदस्य पालक हवेत, त्यात वंचित घटकातल्या मुलांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा, आणि 2012 नंतर दिव्यांग मुलं त्या व्याख्येत आहेत. हे कलम फारसं कुणी वापरत नाही. पुढची समिती निवडायची पालकसभा कधी आहे ते विचारा, तुमच्या वहीतल्या प्रत्येक घराला सांगा, आपापल्या शाळेत एकेकाने उभं राहा. आमच्या तालुक्यात अकरा शाळांत अशा पालक गेल्या, एक तर उपाध्यक्ष झाली. समितीत बसलेल्या बाईच्या पोराला दोन तासांत घरी पाठवणं अवघड जातं.

राहिलं ते सहाच का आले. कारण साधं असतं हो, मूल कुणाकडे ठेवायचं. तुम्ही मीटिंग कितीला ठेवली होती, संध्याकाळी सहाला ना? ती स्वयंपाकाची वेळ, आणि ऑटिझमच्या पोराला अनोळखी हॉलमध्ये एवढ्या आवाजात घेऊन कोण येणार. रविवारी दुपारी दोन ते चार ठेवा, शाळेतच ठेवा, शेजारच्या वर्गात चटया टाका, आणि डीएडच्या किंवा बीएडच्या दोन-तीन मुलींना मुलं सांभाळायला बोलावा, त्यांनाही अनुभव मिळतो. पंखा चालू आहे का बघा, ट्यूबलाईट फडफडत असेल तर बंद ठेवा. वडिलांना वेगळा फोन करा, आईला निरोप दिला की पोचतो असं नाही. आणि ग्रुपवर फक्त ॲडमिनलाच मेसेज टाकता येईल असं सेटिंग करा आजच, ते तेल बंद होईल.

माहिती अधिकाराचं उत्तर आलं की आकडे मला पाठवा, आणि वहीतली पहिली वीस पानं पण, मुलांची नावं झाकून. रांग कुठे आहे ते बघू.